पट्टे दोघांनाही असतात: नाइस आणि लोखंडाचा पट्टेदार दगड वेगळे कसे ओळखायचे

कोकणात दगड ओळखायला शिकणाऱ्याला सगळ्यात आधी फसवतो तो लाल रंग. माती लाल, चिरे लाल, रस्त्याकडेच्या कुड्याची पानं धुळीने लाल, मिरगाच्या पहिल्या सरीत व्हाळाचं पाणीसुद्धा लाल. मग हातात आलेला कुठलाही लालसर, जरा जड, जरा पट्टेदार धोंडा नव्या माणसाला ‘लोखंडाचा’ वाटतो.

मलाही वाटला होता. अकरावीत असताना रेडीच्या बाजूने येताना रस्त्याकडेला मिळालेला साडेतीन किलोचा एक धोंडा मी पिशवीत घातला आणि एसटीत मांडीवर घेऊन कॉलेजात नेला. भूगोलाच्या सरांना ऐटीत म्हटलं, “सर, लोहखनिज.” सरांनी काही न बोलता तो पाण्याच्या बादलीत सोडला. बुडबुड्यांची माळच्या माळ वर आली आणि पाणी विटकरी झालं. “जांभा आहे,” सर म्हणाले. “तुमच्या घराची भिंत याचीच असेल.” होतीच.

हा लेख अशी मांडीवरची ओझी वाचवण्यासाठी आहे. तुलना दोनच दगडांची करायची आहे. पहिला नाइस, ज्याला मराठी विश्वकोशात पट्टिताश्म म्हटलंय. हा रूपांतरित खडक. दुसरा लोखंडाचा पट्टेदार दगड, म्हणजे लोहयुक्त गाळाचा खडक. आपल्याकडचे भूवैज्ञानिक आणि खाणवाले त्याला बॅंडेड हेमॅटाइट क्वार्ट्‌झाइट किंवा नुसतं ‘बीएचक्यू’ म्हणतात. हेच दोन घेतले कारण दोघांनाही पट्टे असतात, दोघांवरही लाल साय चढलेली असते आणि दोन्ही सिंधुदुर्गात एका दिवसात बघून होतात.

कुठे जायचं

रायगडात किंवा रत्नागिरीच्या बहुतेक भागात राहत असाल, तर घराजवळ हे दगड शोधण्यात दिवस घालवू नका. तिथे खाली बेसॉल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा दगड, म्हणजे आपला काळवत्री, आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार. दक्षिणेकडे सरकत सिंधुदुर्गात आलात की लाव्हाची ती चादर सह्याद्रीकडे मागे हटते आणि तिच्याखालचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. नाइस आणि त्याचे भाऊबंद कुडाळ, सावंतवाडी, कणकवली या पट्ट्यात सापडतात. लोखंडाचा पट्टेदार दगड गोव्याच्या खाणपट्ट्यातून तेरेखोल ओलांडून वेंगुर्ले तालुक्यात, रेडीच्या बाजूला येतो. रेडीचा द्विभुज गणपती ठाऊक असेलच. तो १९७६ साली तिथल्या खाणीच्या परिसरातच सापडला.

नवशिक्याने मात्र थेट खाणीकडे जाऊ नये. एक तर परवानगीशिवाय आत जाता येत नाही. दुसरं म्हणजे खाणीतलं सगळंच लाल असतं, त्यामुळे डोळा तयार होत नाही. मी नव्या मुलांना आधी नदीवर नेतो. गड नदी किंवा कर्ली नदी, डिसेंबरनंतर, पाणी उतरल्यावर. नदीने वरून खालपर्यंतचे सगळे दगड धुऊन, घासून एका जागी आणून ठेवलेले असतात: घाटावरचा काळा बेसॉल्ट, मधला पट्ट्यापट्ट्यांचा नाइस, पांढरी शुभ्र गारगोटी, जांभ्याचे गोटे. ओल्या दगडावर पट्टे जास्त उठून दिसतात, म्हणून तांब्याभर पाणी ओतून बघायची सवय लावा.

किनाऱ्यावरचे खडक बघायचे असतील तर ओहोटी गाठावी लागते. त्याला ॲपची गरज नाही. जुन्या माणसांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, आणि तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. उधाणाच्या या दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, आणि परतताना ते तितक्याच वेगाने येतं. पाठ समुद्राकडे करून दगड फोडत बसू नका.

चौपदरीकरणात महामार्गाकडेला कापलेल्या दरडी म्हणजे ताज्या खडकाचं प्रदर्शनच, पण तिथे गाड्यांपासून जपा आणि दरडीच्या पायथ्याशी थांबू नका. रेल्वेच्या कटिंगमध्ये तर जाऊच नका.

पिशवीत काय हवं

फार काही नाही. पाथरवटाचा किंवा गवंड्याचा भक्कम हातोडा (सुताराचा नको, त्याचं टोक उडतं), डोळ्यांना चष्मा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक, पोलादी चाकू, वही, मार्कर. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. एकदा काळी वाळू त्याला चिकटली की आयुष्यभर निघत नाही.

आणखी एक वस्तू लागते, आणि तिच्यावर सगळा खेळ आहे: कस काढायला पांढरा, खरखरीत, झिलई नसलेला चिनीमातीचा तुकडा. पहिल्यांदा मी मंगलोरी कौल वापरलं होतं. खरखरीत होतं, पण मुळात लाल. लाल कौलावर लाल रेघ ओढून मी अर्धा तास ती शोधत होतो. बाथरूमच्या टाइलची मागची बाजू चालते, मात्र ती पांढरी आहे ना ते बघून घ्या. बऱ्याच टाइल मागून विटकरी असतात. सगळ्यात सोपं म्हणजे लोणच्याची चिनीमातीची बरणी उलटी करा. तळाची कड, जिच्यावर झिलई नसते, ती कस काढायला उत्तम. फुटकी बरणी वापरलीत तर घरात शांतता राहील.

पहिलं काम: ताजी बाजू उघडा

दगड उचलला, बघितला आणि नाव सांगितलं, असं कोकणात करता येत नाही. इथला पाऊस आणि ऊन मिळून कुठल्याही खडकाला वरून गंजवतात. नाइसमधल्या काळ्या खनिजांत, म्हणजे काळ्या अभ्रकात आणि हॉर्नब्लेंडमध्ये, थोडं लोखंड असतंच. ते हवा-पाण्याने गंजतं आणि दगडाच्या अंगावर तांबूस कवच चढतं. त्याच वेळी नाइसमधलं फिकं खनिज, फेल्डस्पार, कुजून त्याची पांढरी, पिठूळ चिनीमाती होत जाते. बाहेरून लोहखनिजासारखा दिसणारा धोंडा फोडल्यावर आतून राखाडी-पांढरा, मिठासारखा चमकणारा निघतो तो यामुळे.

म्हणून आधी फोडा. कडेवर, तिरका घाव घाला. मधोमध मारत बसलात तर हाताला झिणझिण्या येतील आणि दगड हसत राहील. फोडण्याआधी जागा कुणाची ते बघा. कुणाच्या आवाठात असाल तर विचारा: “काका, हयलो एक धोंडो घेव काय?” नकार सहसा येत नाही, उलट चहा येतो. किल्ल्याच्या तटाला आणि सड्यावरच्या कातळशिल्पांना मात्र हातोडा दाखवायचासुद्धा नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर वरकरणी नुसतं कातळ दिसतं आणि पावलाखाली हजारो वर्षांपूर्वी कोरलेला हत्ती असू शकतो.

दुसरं काम: पट्टे वाचा

इथे जरा थांबू, कारण हे पट्टे आले कुठून हे कळलं की पुढच्या सगळ्या चाचण्या पाठ कराव्या लागत नाहीत.

नाइसचे पट्टे दाबाने आणि उष्णतेने आले. ग्रॅनाइटसारखा एखादा खडक किंवा जुना गाळ जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल गेला, सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापला, पण वितळला नाही. त्या अवस्थेत त्यातली खनिजं नव्याने वाढली, दाबाला आडवी होऊन लोळली. फिकी खनिजं, म्हणजे गारगोटीचं क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार, एका पट्ट्यात जमली. गडद खनिजं, अभ्रक आणि हॉर्नब्लेंड, दुसऱ्यात. हे सगळं खोलवर, सावकाश घडल्याने स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. त्यामुळे नाइसमध्ये दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उन्हात दगड फिरवा: फेल्डस्पारचे सपाट पृष्ठ एकदम लखकन चमकतात आणि विझतात, अभ्रकाच्या चकत्या चमचमतात. पट्टे एकसारख्या जाडीचे नसतात. ते फुगतात, निमुळते होतात, मध्येच संपतात, आणि काही ठिकाणी फेल्डस्पारच्या मोठ्या दाण्याला वळसा घालून डोळ्यासारखा आकार करतात.

लोखंडाच्या दगडाचे पट्टे मुळात थरांचे. पृथ्वीच्या पहिल्या दोनेक अब्ज वर्षांत हवेत आणि समुद्रात मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतून आलेलं लोखंड पाण्यात विरघळलेलं राहायचं. प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म जीव ऑक्सिजन सोडू लागले, तसं ते लोखंड गंजून तळाशी बसू लागलं. एक थर लोखंडाचा, एक थर सिलिकेचा (गारगोटी जिची असते ती), पुन्हा लोखंडाचा. जगभरातले असे बहुतेक खडक १८० कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत, त्याला कारण हेच. एकदा समुद्रातलं विरघळलेलं लोखंड संपत आलं की कारखाना बंद. घरातली लोखंडी कढई, पुलाची सळई, एसटीचा पत्रा, यातलं बरंचसं लोखंड मुळात या समुद्रतळावर बसलेल्या गंजाचं आहे.

तर या दगडाचे पट्टे बारीक दाण्यांचे, कडा धारदार, मिलिमीटरपासून काही सेंटिमीटर जाडीचे, आणि बराच लांबपर्यंत समांतर धावणारे. एक पट्टा पोलादी करडा किंवा निळसर काळा, शेजारचा पांढरा, राखाडी किंवा जास्पर, म्हणजे लोखंडाने लाल झालेली बारीक सिलिका, असेल तर गडद तांबडा. भिंगातूनही दाणे सुटे दिसणं कठीण.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘पट्टे वळलेले आहेत म्हणजे रूपांतरित, सरळ आहेत म्हणजे गाळाचा’ असं काही जण ठरवून टाकतात. तसं नाही. आपल्याकडचे लोखंडाचे पट्टेही पुढे पर्वत घडताना चेपले गेलेत आणि काही ठिकाणी ते जिलबीसारखे गुंडाळलेले दिसतात. वळणं बघून निकाल देऊ नका.

तिसरं काम: कस

सोन्याचा कस काढतात तसाच दगडातल्या खनिजाचा काढायचा. गडद पट्ट्याचं टोक बरणीच्या खरखरीत कडेवर दाबून दोन सेंटिमीटर ओढा. मागे जी पूड उरते तिचा रंग बघा, दगडाचा नाही.

हेमॅटाइट, म्हणजे या दगडातलं लोखंडाचं मुख्य खनिज, बाहेरून काळं असो, करडं असो, आरशासारखं चकचकीत असो, कस नेहमी लालसर तपकिरी येतो, वाळलेल्या कुंकवासारखा. मॅग्नेटाइटचा, म्हणजे चुंबकाला खेचलं जाणाऱ्या लोहखनिजाचा, कस काळा. गंजून झालेल्या पिवळ्या-तपकिरी लिमोनाइटचा कस हळदीच्या बाजूला झुकणारा. नाइसच्या गडद पट्ट्याचा कस पांढरट, राखाडी किंवा फिकट हिरवट, बऱ्याचदा दिसेल न दिसेल असा. फिक्या पट्ट्यातलं क्वार्ट्‌झ चिनीमातीपेक्षा कठीण असल्याने ते बरणीलाच ओरखडा काढतं, आणि नवी मुलं ‘पांढरा कस आला’ म्हणून लिहितात. तो बरणीचा कस असतो. बोट फिरवून बघा: पूड पुसली गेली तर कस, खाच राहिली तर ओरखडा.

ही चाचणी एका ठिकाणी अक्षरशः अब्रू वाचवते. हेमॅटाइटची एक जात अभ्रकासारखी पापुद्र्यांची असते, चंदेरी काळी, झगमगीत. नाइसमधलं काळं अभ्रक शेजारी ठेवलं तर भलेभले चुकतात. दोन्हींचा एकेक पापुद्रा चाकूच्या टोकाने सोडवा. अभ्रकाचा पापुद्रा वाकतो आणि सोडल्यावर टुणकन सरळ होतो. हेमॅटाइटचा चुरा होतो आणि बोटाला लाली लागते. ती साबणानेही पटकन जात नाही. रेडीच्या बाजूला राहणाऱ्या माणसांच्या धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना विचारा.

मात्र कस फक्त ताज्या बाजूवरून काढा. गंजलेल्या कवचावर घासलं तर जगातला कुठलाही दगड इथे लाल कस देईल.

चौथं काम: वजन, पण हिशेबाने

एका चिरेखाणीवर काम करणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी मला सांगितलं होतं, “रंग काय बघतंस? हातात घेवन बघ.” त्यांचं हाताचं माप आयुष्यभराचं होतं. आपल्याला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि शून्य करा. दगडाचं कोरडं वजन आधीच लिहून घेतलेलं असू दे. आता दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात लोंबता धरा. काटा जो आकडा दाखवेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन आहे, म्हणजेच घन सेंटिमीटरमध्ये दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. आली घनता.

माझ्या पडवीतल्या दोन दगडांचे आकडे देतो. कर्ली नदीतला नाइस: कोरडं वजन ४१२ ग्रॅम, बुडवल्यावर काटा १५२. भागाकार २.७. रेडीकडचा पट्टेदार दगड: वजन ५३० ग्रॅम, काटा १५०. भागाकार ३.५. आकाराने दोन्ही जवळजवळ सारखे, एका मुठीएवढे, आणि वजनात ११८ ग्रॅमचा फरक. हा फरक डोळे मिटूनही हाताला कळतो.

नाइस २.६ ते २.९ च्या घरात असतो, कारण त्यात मुख्यतः क्वार्ट्‌झ (२.६५) आणि त्याच वजनाचा फेल्डस्पार. शुद्ध हेमॅटाइट ५.२६. त्यामुळे लोखंडाच्या दगडात किती लोखंड आहे याचा अंदाजही घरीच बांधता येतो. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर हा परिच्छेद सोडा. माझा दगड ३.५३. क्वार्ट्‌झच्या २.६५ पासून तो ०.८८ वर आहे, आणि क्वार्ट्‌झ ते हेमॅटाइट हे पूर्ण अंतर २.६१. म्हणजे आकारमानाने साधारण एक तृतीयांश हेमॅटाइट. ते जड असल्याने वजनात मात्र जवळजवळ निम्मं भरतं. हेमॅटाइटमध्ये वजनाने ७० टक्के लोखंड, म्हणून दगडात सुमारे ३५ टक्के. हा आकडा अशा दगडाला शोभणारा आहे. खाणीतून बाहेर जाणारं चांगलं खनिज याहून श्रीमंत असतं: लाखो वर्षांच्या पावसाने पट्ट्यातली सिलिका विरघळवून नेली आणि लोखंड मागे राहिलं, असं ते घडलं. घनता साडेचारच्या वर आली तर तुमच्या हातात तशाचाच तुकडा असण्याची शक्यता मोठी.

बुडवताना बुडबुडे आले तर सावध व्हा. सच्छिद्र दगडाचा हिशेब चुकतो, आणि बुडबुडे म्हणजे बहुतेक जांभा.

पाचवं: चुंबक आणि चाकू

हे झटपट. दोऱ्याला टांगलेला चुंबक गडद पट्ट्याजवळ न्या. खेचला गेला तर मॅग्नेटाइट आहे. नाही खेचला गेला तरी लोखंडाचा दगड बाद होत नाही, कारण हेमॅटाइटवर साधा चुंबक जवळपास काहीच करत नाही. उलट, जांभा कुटून केलेल्या पुडीतले काही कण चुंबकाला चिकटू शकतात, आणि समुद्राच्या काळ्या वाळूतले तर चिकटतातच. थोडक्यात, चुंबकाची साक्ष एकट्याने ग्राह्य धरायची नाही. मॅग्नेटाइट भरपूर असलेल्या खडकाजवळ फोनचं होकायंत्रही बहकतं, त्यामुळे दिशा लिहून घ्यायची असेल तर दहा-पंधरा पावलं मागे या.

चाकूने दोन्ही दगडांचे क्वार्ट्‌झचे पट्टे खरवडले जात नाहीत. अभ्रक सहज खरवडतं. एवढंच.

तोतये

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि चूक झाली तरी लाजू नये.

जांभा पहिला. त्यात लोखंड भरपूर, कस तपकिरी-लाल किंवा पिवळसर, म्हणजे दोन लक्षणं जुळतात. पण त्याला पट्टे नसतात, भोकं असतात. तो गाळाचाही नाही आणि रूपांतरितही नाही. खालचाच खडक उष्ण-दमट हवेत जागच्या जागी कुजून, सिलिका धुऊन जाऊन, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरून तो तयार होतो. खाणीतून काढताना ओला असतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, वाऱ्यावर सुकला की कडक. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हे बघितलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं. आमच्याकडे त्याआधी कितीतरी पिढ्या त्याची घरं बांधत होत्या.

गार्नेट दुसरं. अभ्रकी शिस्टमध्ये, म्हणजे नाइसच्याच कुटुंबातल्या पापुद्रेवाल्या दगडात, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल ठिपके दिसतात. ते लोखंडाचे ठिपके नव्हेत. कस देत नाहीत, बरणीला ओरखडतात. आणि ते दिसले म्हणजे खडक रूपांतरित असल्याचा चांगला पुरावा मिळाला.

कणकवलीच्या बाजूला काळा, जड दगड मिळाला तर क्रोमाइटचाही, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचाही, विचार करा. त्याचा कस गडद तपकिरी, लाली नसलेला. आणि कासार्डे-फोंड्याकडचा, ज्यातून सिलिका वाळू काढतात तो वालुकाश्म कधी लोखंडाच्या डागाने तांबूस झालेला असतो. तोही गाळाचा, तोही थोडा लोहयुक्त, पण घनता क्वार्ट्‌झच्या आसपासच राहते आणि भिंगातून वाळूचे गोल कण दिसतात. लोखंड फक्त कणांवरच्या रंगापुरतं.

मग गाळाचा की रूपांतरित?

चौकस वाचक इथे मला पकडेल. बॅंडेड हेमॅटाइट क्वार्ट्‌झाइट या नावातच क्वार्ट्‌झाइट आहे, आणि क्वार्ट्‌झाइट तर रूपांतरित खडक. मग हा गाळाचा कसा?

पकडलंत ते बरोबर. हा दगड जन्माने समुद्रातला गाळ आहे, पण पुढे तोही तापला, दाबला गेला, आणि त्यातली मूळची अतिबारीक सिलिका दाणेदार क्वार्ट्‌झ झाली. त्याच्याकडे जन्माचा दाखला आहे आणि पुढच्या आयुष्याच्या खुणाही. म्हणून वहीत ‘गाळाचा’ एवढंच लिहू नका, ‘मूळ गाळाचा, नंतर रूपांतरित’ असं लिहा. परीक्षेत तीन रकाने असतात: अग्निज, गाळाचे, रूपांतरित. दगडांनी ते रकाने वाचलेले नाहीत. नाइसचंही तेच. त्याचा मूळ खडक ग्रॅनाइट होता की गाळ, हे मुठीएवढ्या तुकड्यावरून बऱ्याचदा सांगता येत नाही, आणि ‘मूळ खडक अनिश्चित’ असं लिहिण्यात काही कमीपणा नाही. माझ्या मते नवशिक्याची पहिली खरी प्रगती तीच.

वही

दगडावर मार्करने नंबर घाला, वहीत तोच नंबर. जागा लिहिताना ‘रेडीजवळ’ असं मोघम नको. वाडी, व्हाळ, रस्ता, आणि फोनमधून अक्षांश-रेखांश. दगड जागेवरच होता की वाहत आलेला हे जरूर लिहा. नदीतला गोटा कुठल्या डोंगराचा हे तो सांगत नाही. घरी गेल्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर तुमच्या तालुक्याचा भूशास्त्रीय नकाशा उघडा आणि तुमची नोंद त्याच्याशी ताडून बघा. नकाशा आधी बघू नका. आधी बघितलात तर डोळे तेच शोधतात जे नकाशाने सांगितलंय.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो, म्हणजे किती लिहायचं त्याचा अंदाज येईल:

‘क्र. १४. कर्लीच्या पात्रात, वाहत आलेला, कडा गोलावलेल्या. बाहेरून तांबूस, फोडल्यावर राखाडी-पांढरा. पट्टे ३ ते १० मिमी, फुगणारे, एक संपतो. दाणे डोळ्यांनी दिसतात, काळं अभ्रक, पापुद्रा लवचिक. गडद पट्ट्याचा कस पांढरट. चुंबक नाही. ४१२ / १५२ = २.७. नाइस. मूळ खडक अनिश्चित. आईने बरणी परत मागितली आहे.’